स्वतःच्या नावाची पावती

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पुण्याजवळ सूसला लेकीकडे राहायला आले. दिवसभर घरात बसवेना. रक्तदाब तपासायचं निमित्त काढून एकदा शेजारच्या नांदे गावातल्या धर्मादाय दवाखान्यात गेले. दोन खोल्यांचा दवाखाना. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत, एरवी सगळं एक निवृत्त परिचारिका सांभाळायच्या. गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. सरकारी रुग्णालयात नोकरी करून त्या आपल्या गावी, बुद्धविहारामागच्या वस्तीत परतल्या होत्या, आणि चार जणांना विश्वस्त करून त्यांनीच हा दवाखाना काढला होता. तपासणीचे दहा रुपये. नोट घेतली की बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायच्या आणि डबा पायानेच टेबलाखाली सारायच्या.

मला हसू आवरलं नाही.

"काय झालं हो ताई?"

"काही नाही. उभा जन्म कॅश काउंटरवर गेला माझा, म्हणून हसले."

"मग नुसतं हसताय काय? उद्यापासून या आणि लिहा."

दुसऱ्या दिवशी खरंच गेले. तेव्हापासून दवाखान्याची वही माझ्याकडे आहे.

वर्षभर बरं चाललं. मग आमच्या सोसायटीतला हिंजवडीत नोकरी करणारा एकजण म्हणाला की आईच्या स्मरणार्थ दवाखान्याला ईसीजीच्या मशीनसाठी पैसे देतो, फक्त ऐंशी-जीची पावती द्या. मी ते सिस्टरना सांगितलं.

"ऐंशी-जी? कुठल्या कंपनीची गोळी ही?"

गोळी नव्हे, आयकर खात्याची मान्यता, असं मी समजावलं. ती असली की देणगीदाराला करात सूट मिळते. पण त्याआधी खात्याला पटावं लागतं की संस्था लोकांसाठीच आहे, चार घरांच्या सोयीसाठी नाही, आणि हिशेब कुणीही उघडून पाहावा असा आहे. आमची संस्था धर्मादाय कार्यालयात नोंदलेली होती. त्यापुढे कुणी काही केलं नव्हतं.

आमच्याच इमारतीत एक तरुण सीए मुलगी राहते. ती फी न घेता रविवारी यायला तयार झाली. सिस्टरनी सलाइनच्या खोक्यांत भरून ठेवलेली तीन वर्षांची बिलं आम्ही जमिनीवर मांडली. औषधांची, कापसाची, डॉक्टरांच्या पेट्रोलची. जमा माझ्या वहीत आणि त्याआधीची सिस्टरच्या नंबरांच्या रजिस्टरात होती, पण ती खर्चाशी आजवर कुणी ताडून पाहिली नव्हती. सिस्टरनी एक कागद टाकलेला नव्हता, हे त्यांचं कौतुक. पण तिन्ही वर्षांची बेरीज करून पाहिली तर खर्चापेक्षा जमा कमी पडत होती, आणि तरी डब्यात पैसे होतेच. म्हणजे कुठून तरी पैसे आलेले होते आणि वहीत नव्हते. बँकेत कॅश जास्त निघाली तरी कमी निघाल्याइतकीच झोप उडते, ते मला आठवलं.

मी पुन्हा बेरीज केली. सीए मुलीने केली. सिस्टर सिरिंजा मोजत पाठमोऱ्या बसल्या होत्या.

"सिस्टर," मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे ना हे काय आहे?"

त्यांनी हातातली सिरिंज खोक्यात ठेवली. मग म्हणाल्या, "डबा रिकामा झाला की मी माझ्या पेन्शनीतले टाकायचे. औषधवाला काय थांबतो का? माझेच पैसे, त्यात लिहायचं काय?"

"ती देणगी झाली," सीए मुलगी म्हणाली. "लिहायलाच हवी. आणि पावतीही फाडायची. तुमच्या नावाची."

"मी मलाच पावती देऊ? लोक हसतील."

त्यांना राजी करायला आख्खी दुपार गेली. पासबुकावरून पेन्शन काढल्याच्या नोंदी आणि औषधवाल्याची बिलं जुळवून आम्ही एकेक रक्कम शोधली, वहीत घेतली आणि पावतीवर त्या दिवशीचीच तारीख घातली, कारण मागची तारीख घालायला सीए मुलीने साफ नकार दिला. सिस्टरनी 'देणगीदार' म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, खाली 'पैसे घेणार' म्हणून सही केली, आणि पावती हातात धरून इतक्या खळखळून हसल्या की बाहेर बाकावर बसलेले पेशंट आत डोकावले. हसता हसता त्यांनी डोळे पुसलेले मी पाहिले.

अर्ज गेला. काही आठवड्यांनी खात्याची विचारणा आली. त्यातला एक प्रश्न असा होता, की विश्वस्तांच्या नातेवाइकांना संस्थेकडून काही लाभ झाला आहे काय?

आमचे एक विश्वस्त म्हणजे तात्या. गावातले जुने शेतकरी. दवाखान्याच्या दोन्ही खोल्या त्यांच्या, आणि भाडं ते घेत नाहीत. प्रश्न ऐकून ते भडकलेच.

"आवो मॅडम, निम्म्या नांद्याला मी चुलता न्हाईतर मामा लागतोय! कुणाकुणाची नावं द्यायची? माज्या भावकीतलं कुणी आजारी पडायचंच न्हाई व्हय?"

"पडू दे की," सीए मुलगी हसत म्हणाली. "प्रश्न एवढाच आहे, की त्यांना काही वेगळं मिळालं का? कमी पैशांत, किंवा रांग मोडून?"

सिस्टर उठल्या आणि कपाटातून नंबरांचं रजिस्टर काढून आणलं. रोजचा नंबर, नाव, घेतलेले पैसे, सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. एका पानावर बोट ठेवून त्यांनी ते तात्यांपुढे धरलं. तात्यांची कारभारीण, नंबर सत्तावीस, दहा रुपये जमा.

तात्यांनी रजिस्टर जवळ ओढून ती ओळ वाचली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"त्या दिशी मला लई राग आलता. खोली माजी, आन माजीच बायकू सत्तावीस नंबरला! चार दिस बोललो न्हाई मी ह्या सिस्टरशी."

"बोलला नाहीत ना? ते बरं झालं," सिस्टर म्हणाल्या. "तेवढीच शांतता मिळाली."

त्या रजिस्टरची पानंच्या पानं आम्ही स्कॅन करून पाठवली. भावकीतल्या प्रत्येक नावापुढे तात्यांनी स्वतः पेन्सिलीने खूण करून दिली, एकही वगळलं नाही. खूण करता करता कोण कुणाचा कोण हेही सांगत होते, त्यामुळे त्या कामाला दोन संध्याकाळी लागल्या आणि मला सगळं गाव कळलं.

मान्यतेचं पत्र मेलवर आलं तेव्हा मी भाजी घेत होते. तिथूनच सिस्टरना फोन लावला. "मिळालं!" मी ओरडलेच. पलीकडून आवाज आला, "छान. बारा नंबर आत आहे, नंतर बोलते," आणि फोन बंद. संध्याकाळी मात्र त्यांनी पेढे आणले होते, स्वतःच्या खर्चाने, आणि तसं आधीच बजावलं, "ह्याची नोंद करायची नाही हं ताई. हे घरचं आहे."

आता वर्षाचा हिशेब आम्ही दारावर मोठ्या अक्षरांत लावतो. तात्यांचा आधी विरोध होता. पहिल्याच आठवड्यात कासारसाईहून आलेल्या एका आजींनी नातवाकडून तो सगळा वाचून घेतला आणि मोठ्याने विचारलं, "च्याला येवढं? आमाला तर कुणी घोटभर पाजला न्हाई!" चहा डॉक्टरांसाठी आणि औषधांची खोकी उतरवणाऱ्यांसाठी असायचा. मी तसं सांगायला तोंड उघडलं, पण तात्याच म्हणाले, "आजीचं बराबर हाय." दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरून किटलीभर चहा येऊ लागला, रांगेतल्या सगळ्यांना.

ईसीजीचं मशीन आलं. पहिल्याच महिन्यात एक शेतकरी 'पित्त झालंय' म्हणत छाती चोळत आला. सिस्टरनी त्याला निजवून ईसीजीची कागदी पट्टी काढली, ती डॉक्टरांना फोनवर पाठवली, आणि त्यांचं उत्तर येताच त्याला गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात रवाना केलं. वेळेवर पोचला.

महिन्याभराने तो दारात उभा. अंगाने हडकला होता, पण चालत आला होता. मला वाटलं, आभार मानायला आला असेल. त्याने मागे वळून बायकोला हाताला धरून पुढे ओढलं.

"सिस्टर, हिला बी निजवा त्या मशीनवर. हिला बी पित्ताचा त्रास हाय."

"मला काय बी झाल्यालं न्हाई," ती बाई पदर सावरत म्हणाली. "ह्येंनी उगा खुरपं सोडून आणलंय मला."

सिस्टरनी तिला नंबर दिला आणि बाकावर बसायला सांगितलं. तात्यांच्या कारभारणीने तिच्या हातात चहाचा कप ठेवला, आणि खुरपणीच्या मजुरीवरून दोघींचं जे बोलणं सुरू झालं, ते तिचा नंबर पुकारला तरी संपेना.