डाव्या हाताचे लग्न

राजूरकर सर वर्गात आले की हजेरीच्या आधी फळ्यावर एक झाड काढत. मूळ वर, फांद्या खाली. जर्मनीतल्या एका चिमुकल्या संस्थानाच्या राजघराण्याची ती वंशावळ. ते संस्थान आमच्या जळगाव जामोद तालुक्याहून लहान होते आणि पहिल्या महायुद्धानंतर तेही बुडाले होते. बुलढाण्याला कुण्या साहेबाच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा सरांनी त्या घराण्यावरचा एक जाड इंग्रजी ग्रंथ घेतला आणि तेव्हापासून ते त्या घराण्याचे झाले. घराण्याला अर्थात याची खबर नव्हती.

आमच्या घरातून शाळेत गेलेला मी पहिला. सरांनी पहिल्याच तासाला विचारले, "पणजोबाचं नाव?" मला आजोबांच्या मागचे कोणी ठाऊक नव्हते. "बस खाली. ज्याले आपलं मूळ माहीत नाही, त्याले काय इतिहास शिकवू?" मग वर्षभर त्यांनी मला परक्यांची मुळे पाठ करायला लावली. मॅट्रिकच्या पेपरात त्यांतला एकही राजपुत्र आला नाही. ज्या इतर शिक्षकांनी मला घडवले त्यांचे ऋण मी विसरणार नाही. राजूरकर सरांचे फेडावे असे काही नाही.

एकदा मागच्या बाकावरचा शालिग्राम उठला. "सर, पेपरात आलं, तुमच्या राजाचा नातू मोटारी इकते म्हणे."

वर्ग हसला. सर शांतपणे म्हणाले, "विकत असेल. पण राजपुत्र म्हणून विकतो. तू कोण म्हणून इकशील बे?"

"रक्त बोलते," हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्या घराण्याचा एक नियम तर ते चवीने सांगत. राजपुत्राने खालच्या घरातली मुलगी केली, तर लग्नात तिचा हात डाव्या हातात घ्यायचा. ती बायको होई, राणी नाही. मुले होत, वारस नाहीत. झाडावर त्यांना फांदी नसे. आम्ही पोरे एकमेकांकडे पाहत असू. आमच्याकडे डाव्या हाताला कोणते काम असते ते सगळ्यांना ठाऊक होते.

कुसुम ही त्यांची एकुलती मुलगी. वडनेर भोलजीचे चांगले स्थळ त्यांनी परत पाठवले. "चार पिढ्यांमागं कोणी माणूसच नाही त्यांच्यात." असे करता करता स्थळे यायची थांबली. शेवटी कुसुमने आमच्या वस्तीतल्या मधूशी बुलढाण्याला जाऊन रजिस्टर लग्न केले. मधू सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होता. दोघे पाया पडायला गेले तेव्हा सरांनी दारातच मुलीच्या डोक्यावर डावा हात ठेवला. "उजवा नाही मिळायचा," म्हणाले.

पुढे तिला मुलगा झाला. सरांनी त्याला एकदा जवळ घ्यावे, एवढेच तिचे मागणे होते. ती त्याला घेऊन जाई आणि सर ग्रंथ उघडून बसत.

मग सरांची उजवी बाजू लुळी पडली. ज्या उच्च कुळांच्या गोष्टी ते सांगत, त्यांतले कोणी फिरकले नाही. मधूने त्यांना आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवले.

बी. ए. झाल्यावर मी पेढे घेऊन गेलो. मधू त्यांना मऊ खिचडी भरवत होता. सर वाकड्या तोंडाने मला म्हणाले, "हा मधू. दवाखान्यातला माणूस हाये."

मधूने पुढचा घास भरवला. कुसुम तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, त्यायचं राज्य व्हतं म्हणून गेलं. आपलं काय व्हतं?"

पेढ्यासाठी नातू पुढे आला. सरांनी डावा हात उचलला. आशीर्वादाला की हाकलायला, ते कळले नाही. कुसुमने सूप खाली ठेवले आणि तो हात धरला.

"हा नाही, बाबा."

तिने त्यांचा लुळा उजवा हात दोन्ही हातांनी उचलला आणि मुलाच्या डोक्यावर ठेवला. सर भिंतीकडे पाहत राहिले. तो हात त्यांना स्वतःहून मागे घेता येत नव्हता.