पाच कोळंब्या

माझ्या मावशीला कोळंबी ताटातही चालायची नाही आणि ताटाबाहेरही. इतके पाय बघितले की अंगावर काटा येतो, म्हणायची. त्यामुळे निवृत्त झाल्यावर काकांनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली आणि तिच्यात पाच शोभेच्या कोळंब्या सोडल्या, तेव्हा आठ दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

काका एकतीस वर्षं लिफ्टचे मेकॅनिक होते. "जन्मभर लोकांना वर-खाली केलं, आता कुणालातरी एका जागी बसून बघतो," म्हणायचे. कोळंब्या लालभडक, पाठीवर पांढरा पट्टा, लांबलचक पांढऱ्या मिशा. काकांनी पाण्यात हात घातला की पाचही जणी येऊन त्यांच्या नखांतला मळ टिपायच्या. "ग्रीस काढतायत," काका ऐटीत सांगायचे.

दोन महिन्यांत काकांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, "बरं". भूक लागली तरी बरं, दुखलं तरी बरं, राग आला तरी बरंच.

टाकी मावशीच्या गळ्यात पडली. ती घरी लोकांचे कपडे उसवून मापाचे करून देते. शिलाईयंत्र तिने टाकीजवळ ओढलं आणि काकांची खुर्ची समोर लावली. मीठ कालवणं, खारेपणा मोजणं, फिल्टर धुणं, सगळं शिकली. रोज सकाळी काका डाव्या हाताचं एकेक बोट उघडून कोळंब्या मोजायचे. पाच झाल्या की "बरं".

"दिवसभरातलं तेवढं एकच खरं बरं," मावशी म्हणायची.

एके दिवशी तिचा फोन आला. "एक मेली गं. यांना कसं सांगू?" मी धावत गेले, तोवर उलगडा झाला होता. तळाशी पडली होती ती नुसती कात. पाचही जणी दगडाआड धडधाकट होत्या. आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले, अर्ध्या तोंडाने.

तीन आठवड्यांनी पुन्हा कात दिसली. या वेळी तिच्याजवळ तुटलेले पाय होते आणि कोळंब्या चारच. काकांनी चार बोटं उघडली, अंगठा दुमडलेलाच ठेवला आणि मावशीकडे बघत राहिले.

"दगडामागे बसलीय," मावशी म्हणाली.

काकांनी कोळंब्या आणल्या होत्या त्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदार भला माणूस होता. "काकू, यांच्यात दोघींची जोडी जमली की बाकीच्यांची धडगत नसते. कात टाकल्यावर अंग मऊ असतं, तेव्हा गाठतात."

"मग पाच दिल्यात कशाला?"

"काकांनी हट्टच धरला. पोटभर खायला घाला, लपायला जागा करा, म्हटलं, कदाचित नांदतील. कुणाकुणाकडे नांदतात."

मावशीने दगड वाढवले, खाणं वाढवलं. पाणी गढूळ झालं, ते बदलता बदलता तिची कंबर धरली. तरी चौथी गेली. दुकानातून एक नवी आणली, ती महिनाभरही टिकली नाही. मग जोडीबाहेर उरलेल्या तिसरीला तिने भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून तो डबा टाकीतच अडकवला. डब्यात ती सुखरूप कात टाकून मोकळी झाली.

पण काकांना तो डबा खपेना. "बरं! बरं!" म्हणत ते बोट रोखायचे, डोळ्यांतून पाणी काढायचे.

"काय करू? बाहेर सोडू? की डबा तुमच्या नजरेआड ठेवू? सांगा ना हो!"

"बरं."

चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी तिने डबा उघडला. पुढच्या कातीला ती तिसरीही संपली.

त्या सकाळी काकांनी दोन बोटं उघडली आणि हात मांडीवर ठेवून दिला. त्यानंतर मोजणं बंद. मावशीने त्यांचा हात पाण्यात धरून पाहिला. दोघी आल्या, नखं टिपू लागल्या. पण तो उजवा हात होता, त्याला काही कळत नव्हतं. डावा त्यांनी पुढे केलाच नाही.

पुढे दोघींच्या पोटाखाली हिरवट अंडी दिसली. मावशीने खुर्ची काचेच्या आणखी जवळ नेली. पिल्लं धुळीच्या कणांएवढी निघाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फिल्टरने सगळी ओढून घेतली. असं दर पंधरवड्याला होतं म्हणे. घरच्या टाकीत ती जगतच नाहीत.

आता खुर्ची भिंतीकडे तोंड करून असते. काकांनीच पाय रेटून ती तशी वळवली.

गेल्या महिन्यात मावशीने विचारलं, "टाकी तू नेतेस का? माझ्याने बादल्या उचलवत नाहीत."

"माझं घर लहान आहे गं," मी म्हटलं. ते खरंही आहे.

 ती कुणाच्यातरी पँटची शिवण उसवत राहिली.