दहा वाजता आलेला शिवणकार

निवृत्तीनंतर मी नोकरीतल्या पुष्कळ हकिगती सांगितल्या, काही लिहिल्याही. ही एक दरवेळी गिळली. या प्रकरणातली खोटी नोंद माझ्या अक्षरात आहे, तेव्हा ती मीच दुरुस्त केली पाहिजे.

विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीवरून मराठवाडा पेटला होता, तेव्हाची गोष्ट. परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. सकाळी दहाच्या सुमाराला एका बाईने नवऱ्याला हात धरून ठाण्यात आणलं. त्याच्या डाव्या डोळ्यावर ओलं फडकं होतं. हा माणूस गावातल्या बौद्धवाड्यात शिवणकाम करायचा. त्याने मोर्चासाठी कापडी फलक शिवला, म्हणून एका बड्या शेतकऱ्याच्या मुलाने बैल हाकायची काठी त्याच्या डोळ्यात खुपसली होती.

"साहेब, आदी दवाखान्याची यादी द्या," बाई म्हणाली. "उजवा डोळा लहानपणीच देवीत गेला. ह्यो एकच हाय."

यादी म्हणजे डॉक्टरच्या नावे पोलिसांचं पत्र. मारहाणीतल्या जखमीला ते नसेल तर दवाखान्यात सहसा हात लावत नसत. दोन ओळी, सही, शिक्का. पाच मिनिटांचं काम.

पण त्यांच्या आधीच गावचा पोलीस पाटील मोटारसायकलवर येऊन मला खबर देऊन गेला होता. "मशीनची सुई तुटून डोळ्यात गेली, साहेब. आता नामांतराच्या नावावर केस करायलाय." मला ती खबर सोयीची वाटली. असल्या गुन्ह्यांच्या नोंदी वाढू देऊ नका, अशी वरून तोंडी सूचना होती. मग मी चौकशी सुरू केली, तीही जखमीचीच. त्याला जमिनीवर बसवलं.

"सुई कशी तुटली, ते सांग."

"सुई न्हाई साहेब, काठी."

"डोळा फुटला म्हणतोस, मग इथवर चालत कसा आलास?"

"चालायला पाय लागतेत साहेब, डोळा न्हाई."

दोन शिपाई हसले. मला राग आला. त्या एका उत्तरासाठी मी त्याला दुपारभर बसवून ठेवलं. त्याची बायको दर थोड्या वेळाने टेबलाशी येई आणि मी "थांब" म्हणे. चार वाजता त्याला उलट्या सुरू झाल्या. हा ठाण्यातच मरतो की काय, अशी भीती वाटली, तेव्हा कुठे मी यादी लिहिली. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद केली: जखमी चार वाजता हजर, तात्काळ दवाखान्यात रवाना.

परभणीच्या डॉक्टरांनी त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया केली. तिसऱ्या दिवशी मी जबाब घ्यायला गेलो, तर त्यांनी एक लहान बाटली माझ्यापुढे आपटली. आत लाकडाची कपची होती.

"सुई म्हणून कळवलंत ना? ही बघा तुमची सुई. बुबुळावरचा पडदा फाटला होता, मी टाके घातलेत. पण लाकूड इतका वेळ आत राहिलं, आता पू झालाय. कुठं होता हा माणूस दिवसभर?"

"गाडी मिळाली नाही," मी म्हणालो.

ती कपची मी मोहोरबंद केली आणि आरोपीच्या गोठ्यावर छापा घातला. काठी कडब्यामागे सापडली. तिचं टोक नुकतंच पिंजलेलं होतं. बाटली समोर धरल्यावर आरोपी म्हणाला, "एकदाच टोचली, साहेब. लय फलक शिवायला लागला होता." मी छाती फुगवून गुन्हा उघडकीस आल्याचं वर कळवलं.

पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. बचावाच्या वकिलाने माझी दैनंदिनीच हातात घेतली. घटना सकाळी नऊची, मग हा माणूस चारपर्यंत कुठे होता? कट रचत होता? त्याची बायको साक्षीच्या पिंजऱ्यातून ओरडून सांगत होती, "दहालाच आलो होतो! ह्याच साहेबांनी बसवलं!" मग मला विचारलं. मी शपथेवर सांगितलं, चार वाजता. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. बाहेर पोलीस पाटलाने माझ्या हातावर पेढा ठेवला. तो मी खाल्ला. आज स्वतःच्या तोंडात मारावीशी वाटते.

पुढे शिवणकाराच्या डोळ्यातलं भिंग पांढरं झालं. दुसरी शस्त्रक्रिया करून ते काढलं आणि जाड चष्मा दिला. आधी उजेड कळू लागला, मग समोर धरलेली बोटं, मग हातभर अंतरावरचे चेहरे. इतकं परत आलं, ते डॉक्टरांमुळे. सुईचं नेढं मात्र पुन्हा दिसलं नाही.

खबर तपासून घ्यावी, हा धडा मी पुढे नव्या शिपायांना देत असे. तो खरा धडा नव्हता. जखमीला ठाण्यात बसवून ठेवणं हीसुद्धा मारहाणच आहे, फक्त तिचा पंचनामा कोणी करत नाही. माझाही कोणी केला नाही. उलट बढती मिळाली.

निवृत्त झाल्यावर मी एसटीने त्याच्या गावी गेलो. माफीचं वाक्य वाटेत दहादा घोकलं होतं. तो मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होता आणि बायको शेजारी बसून सुया ओवत होती. मी नमस्कार म्हणताच त्याचा पाय थांबला. आवाज ओळखला त्याने.

"या, साहेब. बसा. हितं बसायला बाकडं हाय, तुमच्या ठाण्यावानी न्हाई."

बाईने मान वर केली नाही.

"काय काम काढलं?"

वाक्य ओठांपर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "पँट उसवलीय."

त्याने पुढे वाकून माझ्या पँटची शिवण बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपली, मग दुसऱ्या पायाचीही.

"कुठं उसवलीय? चांगली हाय की," तो म्हणाला आणि चष्म्याआडून माझ्याकडे बघत थांबला.

मी "बरं" म्हणालो आणि उठलो.