आमच्या सर्व्हेबाई

आठवीत सुटलेली माझी शाळा पुन्हा सुरू झाली ती सर्व्हेबाईंमुळे, हे आधी सांगते, बाकीचं मागून. त्या माझ्या मुलीच्या, पियूच्या वर्गशिक्षिका. खरं नाव वेगळं, पण भाईंदरच्या आमच्या शाळेत सगळे त्यांना सर्व्हेबाईच म्हणायचे, कारण त्या तोंडी म्हणून काही विचारायच्या नाहीत. सहल कुठं न्यायची, मोबाइलवर सर्वेक्षणाची लिंक. खिचडीत मीठ बरोबर आहे का, लिंक. एकदा तर सर्वेक्षणं फार होतात असं वाटतं का, याचंही सर्वेक्षण आलं होतं.

दोष त्यांचा नव्हता. "वरून आलंय," असं त्या छताकडं बोट करून सांगायच्या. वर नुसते पहिलीचे वर्ग भरायचे, तरी आम्हाला समजायचं. अशाच वरून आलेल्या एका फॉर्मात शाळेच्या शौचालयाबद्दल दोनच उत्तरं होती: स्वच्छ आणि अतिशय स्वच्छ. दाराला कडी नाही हे कुठं लिहू, असं मी भीत भीत विचारलं. बाई म्हणाल्या, "पियूची आई, कडीचा रकानाच नाहीये. तुम्ही 'स्वच्छ' करा, कडी मी आणते." आणि दोन दिवसांत खरंच आणून बसवून घेतली.

मी परभणीकडची. लग्न होऊन इकडं आले, जवळच हाटकेशला एका गाळ्यात स्टीलच्या डब्यांना झाकणं बसवते. शिक्षण किती, असं कुणी विचारलं की अजून घाम फुटतो. लिंक आली की वाटायचं, उत्तर चुकलं तर पियूला शाळेतून काढतील. बाई हसायच्या. "हा पेपर नाही हो. यात कुणी नापास होत नाही." माझा काही विश्वास बसत नसे.

मग ती लिंक आली. शाळेत संध्याकाळी आयांसाठी दहावीचा वर्ग काढायचा होता. किती जणींना हवाय ते विचारलं होतं. फॉर्म कसा भरायचा ते कळावं म्हणून बाईंनी स्वतःचीच माहिती भरून एक नमुना ग्रुपवर टाकला. शिक्षण बी.एड., काम शिक्षिका, दहावीचा वर्ग हवा का, तर नाही. आमच्या खालच्या मजल्यावरची यादवभाभी मला म्हणाली, "टीचर ने खुद आन्सर दिया है, वही छाप दो ना." बाकीच्या सगळ्या आयांनी तेच केलं. मीही केलं असतं, पण माझ्या फोनात जागाच शिल्लक नव्हती; नमुन्याचं चित्र उघडेचना. मग काय, खरं होतं ते भरलं: शिक्षण आठवी, वर्ग हवा.

निकाल आला तेव्हा आमच्या वस्तीतल्या एक सोडून झाडून सगळ्या आया बी.एड. झालेल्या शिक्षिका निघाल्या. वरून अभिनंदन आलं, की एवढा सुशिक्षित पालकवर्ग असताना दहावीच्या वर्गाची गरज नाही. बाईंनी चूक झाल्याचं कळवलं, तर उलट नवी लिंक आली: सर्वेक्षण चुकण्याची कारणे, योग्य पर्याय निवडा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गेटवर गाठलं. फोनवर निकालाचं गोल चित्र होतं, सगळं निळं, आत केसाएवढी लाल रेघ. "ही तुम्ही ना?" मी म्हटलं, बाई, चुकून झालं असेल, तेवढं निळं करून टाका. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. मग म्हणाल्या, "एकीसाठी वर्ग मिळत नाही. बाक मिळतं. उद्यापासून शाळा सुटली की येऊन बसा."

बसले. माझा दाखला गावच्या शाळेतून त्यांनीच मागवला, बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्मही त्यांनीच भरून घेतला. बीजगणित शिकवताना मात्र समजलं का, हे त्या तोंडीच विचारायच्या, आणि पुन्हा पुन्हा विचारायच्या.

दिवाळीनंतर त्यांची भाईंदरच्याच समुद्राकडच्या डोंगरीच्या बाजूला बदली झाली. निरोपाचा अभिप्रायही लिंकवरच द्यायचा होता. मी तो कोराच पाठवला आणि नुसती रडले. शिकवणं फोनवरून चालूच आहे. परवा सांगत होत्या, तिकडंही आयांचा वर्ग काढायच्या मागे लागल्यात, तोवर शाळा सुटल्यावर तशाच शिकवतात, पण मासळी विकून येणारी एक बाई रोज दारापर्यंत येते आणि तिथूनच मागं फिरते. "या वयात न्हाय जमणार, बाय," म्हणते.

मार्चमध्ये माझी परीक्षा. गणिताची धाकधूक आहेच. राहिलं तर पुन्हा बसेन. पण ज्या दिवशी पास होईन, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गाळ्यात सुट्टी सांगून डोंगरीला जाईन, त्या मासळीवाल्या बाईला हाताला धरून आत आणीन आणि ती पहिलं गणित सोडवेपर्यंत तिच्या शेजारून उठणार नाही. बाईंचं फेडायचं तर असंच. दुसरं काही त्या घ्यायच्या नाहीत.