राखेतले चेस्टनट

निघायच्या आदल्या दिवशी, दोह्यात, अल मन्सूऱ्यातल्या आमच्या घरात बॅग भरता भरता बायकोने ताकीद दिली, "तिकडे जास्त बोलू नका. हसा, आणि मुलीला बोलू द्या." तिला हॉस्पिटलातल्या कामावरून रजा मिळाली नव्हती, म्हणून मी एकटाच चाललो होतो.

मुलगी इटलीत लाक्विला नावाच्या डोंगरातल्या जुन्या शहरात शिकते आणि जवळच्या गावात एका म्हातारीकडे वरच्या खोलीत राहते. म्हातारीने परदेशी मुलगी पहिल्यांदाच ठेवली होती. मुलीने पुढच्या वर्षाच्या खोलीचं विचारलं, तर म्हणाली, आधी तुझ्या बापाला बघते, मग सांगते.

मी सातवीतून शाळा सोडलेला. दोह्यात बांधकामांवर परांच्या उभारतो. या कामाला लागलो तोही गाववाल्याने हात धरून आणलं म्हणून. त्याचे उपकार आहेत. मुलाखत कधी दिली नव्हती, ही पहिलीच. विमानात बायकोची ताकीद घोकत बसलो.

शहर बघून मात्र जीव जरा थाऱ्यावर आला. गल्ल्या अशा चढाच्या की रत्नागिरीकडची आमची पायऱ्यांची पाखाडी आठवली. सपाट दोह्यात राहून पोटऱ्या चढ विसरल्या होत्या. भूकंपात पडझड झालेलं शहर, अजून कुठे कुठे क्रेन उभ्या. पांढऱ्या-गुलाबी दगडांच्या एका चर्चसमोर मुलगी इतिहास सांगू लागली.

"अब्बा, चर्च बघा! पाईप काय बघताय?"

"बघतोय बाय. परांची बांधल्ये चांगली."

ती हसली. दोह्यात मी मराठीत विचारायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. इथे सकाळपासून मराठीच चालू होतं. मी मुद्दाम काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर थांबली असती.

संध्याकाळी बसने गावात गेलो. म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मी दिलेली काजूगरांची पिशवी घेतली आणि चुलीपाशी बसवलं. हातात एक टोपली दिली. आत तपकिरी, चकचकीत चेस्टनट, जाड सालीच्या मोठ्या बियांसारखे. शेजारी भोकं पाडलेला तवा आणि एक छोटी सुरी. खुणेने म्हणाली, भाज. मुलगी तिच्याबरोबर लाकडं आणायला गेली.

भोकांचा तवा बघून मला हायसं वाटलं. आमच्याकडे काजूबिया असल्याच पत्र्यावर भाजतात. सुरी सोलायला असेल म्हणून बाजूला ठेवली आणि सगळे तव्यात ओतले.

त्या दोघी दारात आल्या आणि पहिला फुटला. मग दुसरा, तिसरा, फटाक्यांसारखे. काजूबीचं तेल उडालं की कातडी जळते. पेटत्या बियांवर राख टाकायची, हे हातांना आपोआप माहीत. म्हातारीला एका हाताने मागे लोटलं, फावडंभर राख तव्यावर फेकली आणि साइटवर काम थांबवायला ओरडतात तसं ओरडलो, "खलास!"

खरंच खलास, असं वाटलं. ओटा, भिंत, म्हातारीचा एप्रन, सगळं करडं. मुलीची खोली गेली.

"अब्बा, आधी चीर द्यायची असते," मुलगी हळूच म्हणाली. "त्यासाठीच सुरी."

मग तिने म्हातारीला काजूचं समजावलं. म्हातारीने माझा हात ओढून दिव्याखाली धरला. मनगटावर तेलाचे जुने काळे डाग आहेत. काहीतरी विचारलं.

"विचारतेय, हे भाजलं तेव्हा किती लहान होतात तुम्ही?"

"शाळा सोडली ना, त्याच वर्षी."

मुलगी माझ्याकडे वळली. "मला कधी सांगितलं नाहीत," म्हणाली, मग म्हातारीला सांगितलं.

म्हातारीने राखेतून एक चेस्टनट उचलला, फुंकला, सोलून मला दिला. गोड लागला. मग ती हसायला लागली ती इतकी, की तिला खुर्ची द्यावी लागली. न फुटलेले राखेतून वेचून त्यांना आम्ही तिघांनी मिळून चिरा दिल्या.

निघताना ती मुलीला काही बोलली.

"काय म्हणाली?"

"पुढच्या हिवाळ्यापर्यंत आणखी एक रजई शिवून ठेवते म्हणाली." मुलीचे डोळे भरले होते. "राहा म्हणाली, अब्बा."

पुढच्या वर्षी थंडीत मुलीकडून फोटो आला. खिडकीबाहेर बर्फ, खाटेवर दोन रजया. बायकोने फोटो बोटांनी मोठा करून बघितला.

"नवी जाड आहे ना हो?"

"जाड आहे," मी म्हटलं.