कोथरूड ते मांजरी: आठ पत्रकं आणि कबड्डीचं एक मैदान

पुण्यातून निघून पुण्यातच पोचण्याचं प्रवासवर्णन वाचायला फारशी गर्दी होणार नाही, याची मला कल्पना आहे. हिमशिखरं हवी असतील त्यांनी इथूनच मागे फिरावं, कुणी अडवणार नाही. उरलेल्यांसाठी सांगते: एप्रिलमधल्या एका शनिवारी मी कोथरूडहून मांजरीला गेले, आणि इतकं आवडलं की रविवारी पुन्हा गेले.

जायचं कारण माझी भाची रेवा. वय सव्वीस, व्यवसाय मार्केटिंग. म्हणजे नको असलेल्या वस्तू लोकांना हव्याशा वाटायला लावणं, असं मी म्हणते. ती म्हणते, "मावशी, तू तुझे विभक्तिप्रत्यय विकून दाखव, मग बोल." संस्कृतात एम.ए. करून वर्तमानपत्रांत लिहिणाऱ्या बाईने अशा वेळी चहा टाकावा.

या खेपेला तिला विकायचं मात्र काही नव्हतं. तिची कॉलेजातली मैत्रीण शीतल मांजरीच्या एका शाळेत खेळ शिकवते. शीतलला मे महिन्यात मुलींसाठी कबड्डीचं मोफत शिबिर घ्यायचं होतं. मुख्याध्यापकांनी अट घातली होती: सोमवारी दुपारी बारापर्यंत तीस नावं द्या, नाहीतर मैदान सुट्टीभर क्रिकेटच्या क्लासला. जाहिरातीचं काम रेवाने हौसेने अंगावर घेतलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नावं आली होती अकरा.

"असं होऊच शकत नाही," रेवा माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली. "मी स्प्लिट टेस्ट केलीय. माझ्याकडे डेटा आहे."

स्प्लिट टेस्ट म्हणजे एकाच जाहिरातीचे दोन नमुने लोकांना दाखवायचे आणि कुठल्याला जास्त प्रतिसाद येतो ते बघायचं. रेवाने आठ पत्रकं तयार केली होती आणि त्यांची चक्क बाद फेरी खेळवली होती. दोन-दोन पत्रकांचा सामना, हरलेलं घरी, जिंकलेलं पुढे. अजिंक्य ठरलं ते गुलाबी रंगाचं: ‘मोबाइल सोडा, मैदान गाजवा!’ तेच पत्रक सगळीकडे गेलं आणि अकरा नावं घेऊन परत आलं.

सुदैवाने त्याच शनिवार-रविवारी शीतलने शाळेच्या मैदानावर मुलींची कबड्डी स्पर्धा भरवली होती. आईबाप प्रत्यक्ष भेटतील तिथे. "चल," रेवा म्हणाली, "स्कूटरवर मागे बसून पत्रकांचं खोकं धरायला कुणीतरी हवंय." अशी आमंत्रणं मी नाकारत नाही.

शनिवार

सकाळी सातला निघालो. कर्वे रस्ता, स्वारगेट, मग सोलापूर रस्ता धरून हडपसर आणि तिथून डावीकडे मांजरी. सव्वा तास लागला. आठनंतर निघालात तर हडपसरच्या पुलाखाली स्वतःच्या आयुष्याचा फेरविचार करण्याइतका वेळ मिळेल. हडपसरला मिसळ खाल्ली. दोघींचं चहासकट दोनशेत भागलं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी विचारलं, "अहो, रस्सा जास्तीचा मिळेल का?" मालक गल्ल्यावरून म्हणाले, "मिळेल की. पहिला संपू द्या, पळून जात नाही." कोथरूड सोडल्यावर आपली माणसं भेटणार नाहीत, ही भीती तिथेच संपली.

पुढे एका बाजूला उसाचे फड आणि दुसऱ्या बाजूला बारा-बारा मजल्यांच्या नव्या इमारती. लांबवर धूर दिसत होता. न्यायशास्त्राचा पहिला धडा आठवून मी अग्नीचं अनुमान केलं. जवळ गेल्यावर अग्नी सापडलाही. कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. शिक्षण क्वचित इतकं रोकडं उपयोगी पडतं.

मैदानावर आठ संघ, चार-चारचे दोन गट. शीतल रेवाच्याच वयाची, कडक इस्त्रीचा ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, आणि आवाज असा की शिट्टीची गरज पडू नये. तिच्या स्वतःच्या शाळेचा संघ पहिलाच सामना दोन गुणांनी हरला. रेवाचा चेहरा पडला.

"झालं? गेल्या बाहेर?"

"बाहेर कशाला जातील? लीग आहे," शीतल म्हणाली. "अजून दोन सामने आहेत. ए ऋतुजा, रडतेस काय? पाणी पी!"

पाणी पिऊन ऋतुजाने पुढच्या दोन सामन्यांत ज्या चढाया केल्या, त्या बघताना मी उभी राहून ओरडत होते, असं रेवा सांगते. मला आठवत नाही. संघ उपांत्य फेरीत गेला.

दुपारी कडुलिंबाखाली भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी. शीतलच्या आईने डबा पाठवला होता; कोथरूडची बाई येणार म्हणून ठेच्यात मिरची कमी घातल्याचं मला आवर्जून सांगण्यात आलं. माझ्या डोळ्यांत तरीही पाणी आलं.

जेवताना रेवाने विचारलं, "थेट बाद फेरी का नाही ठेवलीस? निम्म्या वेळात संपली असती."

"ठेवली होती एकदा," शीतल म्हणाली. "वाघोलीकडच्या पोरींचा टेम्पो वाटेत बंद पडला. धावतपळत आल्या, तशाच खेळल्या, हरल्या, घरी गेल्या. अगं, पोरी वाईट नव्हत्या. टेम्पो वाईट होता. तुझी पत्रकं कशी खेळवलीस तू?"

रेवाने मोबाइल काढला. पत्रकं जायची ती मांजरीतल्या नव्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. तिथे सेक्रेटरींचा दंडक होता: एका दिवसात एकच जाहिरात. म्हणून प्रत्येक सामन्यातलं एक पत्रक बुधवारी जायचं आणि दुसरं गुरुवारी.

"गुरुवारी?" शीतलने घास खाली ठेवला. "रेवा, गुरुवारी इकडे पाणी बंद असतं. सारखी दुरुस्ती चालूय. गुरुवारी त्या ग्रुपवर माणसं फक्त टँकरबद्दल बोलतात."

रेवा ग्रुपवरचे जुने मेसेज सरकवत गेली. खरंच होतं. गुरुवारच्या प्रत्येक पत्रकाखाली एकच चर्चा: टँकर आला का, बी विंगला आधी का, मोटर कुणी चालू ठेवली. ‘घरून नेऊ, घरी आणून सोडू. सोबत ताई असेल.’ एवढाच मजकूर, वर शिबिराचं नाव आणि खाली रेवाचा नंबर असलेलं एक साधं पांढरं पत्रक पहिल्याच फेरीत बाद झालं होतं. गुरुवारी गेलं होतं ते. त्याच्या खाली कुणा काकांनी लिहिलं होतं, "टँकर पण आणून सोडा."

तर्कशास्त्रात अशा लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. अग्नी असला की धूर असतोच असं नाही. लाकूड ओलं असावं लागतं. त्या ओल्या लाकडाकडे दुर्लक्ष केलं की अनुमान फसतं. इथली उपाधी मात्र कोरडी होती, एवढाच फरक. मी हे रेवाला समजावून सांगू लागले. ती म्हणाली, "मावशी, प्लीज. मला आधीच वाईट वाटतंय."

"वाईट वाटायचं राहू दे," शीतल म्हणाली. "उद्या गुलाबी आणि पांढरं, दोन्ही परत खेळव. एकाच मैदानावर, एकाच वेळी."

रविवार

स्कूटरची हवा गेली होती, म्हणून बसने. कोथरूडहून स्वारगेट, तिथून हडपसर, पुढे शेअर रिक्षा, माणशी वीस रुपये. रिक्षात मागे चौघी बसलो. चौथी मी होते आणि बसले होते असं म्हणणं धाडसाचं आहे.

मैदानाच्या दोन बाजूंना दोन टेबलं मांडली. एकावर गुलाबी पत्रक, एकावर पांढरं, दोन्हीकडे एकेक वही. एक टेबल कडुलिंबाच्या सावलीत होतं, दुसरं उन्हात. रेवा गुलाबी पत्रक घेऊन सहजपणे सावलीकडे सरकली.

"मध्यंतराला बाजू बदलायची," शीतलने दम दिला. "कबड्डीत उगाच बदलतो का आम्ही? एका संघाच्या डोळ्यांत ऊन असतं. दर सामन्याच्या मध्यंतराला टेबलंही बदलायची. आणि वह्या मोजायच्या त्या अंतिम सामन्याच्या शेवटच्या शिट्टीनंतरच. ते आत्ताच ठरलं."

दुपारपर्यंत गुलाबीकडे चार नावं, पांढऱ्याकडे एक. रेवा उड्या मारत आली. "बघ, गुलाबीच भारी होतं! आता पांढरं काढून टाकू, दोन्हीकडे गुलाबी ठेवू. वेळ कमी आहे, शीतल. अजून चौदा नावं हवीत."

ती चूक बोलत होती असं म्हणवेना. सोमवार डोक्यावर होता. मीही पांढरे गठ्ठे उचलायला वाकले.

"शिट्टी वाजली का?" शीतलने लांबून विचारलं.

"नाही, पण..."

"मग जागेवर जा."

गेलो. पत्रकार परिषदेत मंत्र्यांनी हाकललं तेव्हाही मी इतक्या निमूटपणे गेले नव्हते.

आणि तीन वाजल्यानंतर बायका आल्या. सकाळी वडील आणि भाऊ मंडळी होती; त्यांना गाजवाबिजवा आवडतं. आया स्वयंपाक, धुणी आवरून, उन्हात डोक्यावर पदर घेऊन आल्या. त्यांनी गुलाबी पत्रक वाचलं, हसल्या, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. पांढरं वाचलं आणि विचारलं, "ताई म्हंजे कोण? ह्या शिट्टीवाल्या मॅडम? रोज सोडणार? नक्की?" शीतलने शाळेच्या गाडीकडे बोट दाखवलं. "मी स्वतः बसते त्यात. शेवटची मुलगी उतरल्याशिवाय उतरत नाही." वही भरू लागली. एक बाई नाव लिहिता लिहिता शेजारणीला म्हणाली, "पोरगी खेळंल गं, तिचं काय. परत कोण आणणार, तेवढंच कळत नव्हतं."

अंतिम सामना शीतलच्या मुली एका गुणाने हरल्या. पाच मिनिटं रडल्या आणि मग जिंकलेल्या संघाच्याच ढोलावर नाचल्या. मी शीतलचं सांत्वन करायला गेले, तर ती म्हणाली, "मावशी, एका गुणाने कोण भारी ते ठरतं होय? पुढच्या महिन्यात परत गाठ आहे."

मग वह्या मोजल्या. गुलाबी सहा, पांढरं अकरा. रेवा म्हणाली, "पांढरं जिंकलं!" आणि लगेच म्हणाली, "म्हणजे, आज तरी." पोरगी शिकली. अकरा जुनी आणि ही सतरा, एकूण अठ्ठावीस. मैदान रिकामं झालं होतं आणि दोन नावं कमी होती.

परत घरी

येताना हडपसरला उसाचा रस प्यायलो, आलं-लिंबू घालून. दोघींनी दुसरा ग्लासही घेतला. बसमध्ये रेवा खिडकीला डोकं टेकून बसली होती. कोथरूडला उतरताना म्हणाली, "चांगलं पत्रक तीन आठवडे माझ्या मोबाइलमध्ये पडून होतं गं."

तुम्हाला मांजरीला जायचं असेल तर स्पर्धा असेल तेव्हा जा, टोपी न्या, आणि ठेचा मागताना पत्ता सांगू नका. या प्रवासातून मी काय आणलं म्हणाल, तर बसलेला घसा आणि उन्हाने भाजलेलं नाक. शिवाय घरबसल्या केलेल्या माझ्या बऱ्याच अनुमानांबद्दल शंका. आम्ही आठ पत्रकांत मुलींना कसं बोलवायचं याचाच विचार केला होता. त्यांच्या आयांना काय हवंय हे विचारायला सव्वा तासाचा रस्ता पुरला असता.

सोमवारी सकाळी सव्वाअकराला रेवा माझ्याकडेच होती. तिचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

"ते पांढरं पत्रक तुमचंच का? काल माझ्या पोरीचं नाव दिलंय मी," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "पर त्यात वय काय लिवलेलं न्हाई. मी आले तर चालंल का? लग्नाआधी खेळायची मी. डाव्या कोपऱ्यात."

रेवाने माझ्याकडे बघितलं. मुख्याध्यापकांनी तीस नावं मागितली होती. कुणाची, ते सांगितलं नव्हतं.

"चालेल की!" रेवा ओरडली. "नाव सांगा. आणि, अहो, तुमच्या ओळखीत अजून कुणी आहे का? एकच!"

"जाऊ हाय की माझी. हितंच उभी हाय, कवाची ढोसतीया मला."

रेवाने दोन्ही नावं शीतलला पाठवायला घेतली. यादीत वयाचा रकाना होता. तिने जरा अडखळत विचारलं, "ताई, वय काय लिहू?"

पलीकडे दोघी बराच वेळ हसत होत्या.

"माझं लिवा सोळा. जाऊचं पंधरा लिवा, ती धाकटी हाय."