बॅक हरल्यावर समजते

अकोल्याच्या जुन्या शहरातले आमचे पंक्चरवाले चाचा ट्यूब नुसती गालाला लावून भोक सांगतात. हॉकीतली त्यांची पारख त्याहून पक्की, म्हणून अमरावतीला मुलींच्या संघनिवडीला मी त्यांनाच नेतो. एका साली पाऊस नव्हता. मैदान इतकं टणक, की उसळलेला चेंडू पार दूरच्या मोर्शी गावात पडावा. हिवरखेडच्या, बचावात बॅकला खेळणाऱ्या पोरीनं सकाळभर माशीही गोलाकडे जाऊ दिली नाही. तरी चाचा मला तिचं नाव लिहू देईनात.

"काहून हो चाचा?"

"अजून हरली कुठं, मास्तर? बॅक हरल्यावर समजते."

मग साठीतले चाचा चपला काढून, स्टिक घेऊन स्वतःच उतरले. पहिल्याच हुलकावणीला पोरगी मातीत लोळली. पण उठली, चाचांच्या मागं धावत सुटली आणि गोलाच्या तोंडाशी चेंडू असा काढून घेतला, की चाचाच आडवे.

पडल्या पडल्या म्हणाले, "लिहा आता. सगळ्यात वर लिहा."